स्ट्रीमिंगवर गाणं ऐकताना मागून येणारी 'हूं' कशी घालवावी?

गंगापूररोडकर (धागाकर्ता), १० मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. चौतीस वर्षं एका कारखान्यात हिशेब लिहिले, आता निवृत्त. स्वतःसाठी एकच चैन केली, ती म्हणजे गाणं ऐकण्याचा सेट. तोच सध्या छळतोय.

मांडणी अशी. फायबरचा राउटर दाराजवळ. तिथून १५ मीटर लॅन केबल पट्टीतून हॉलच्या दुसऱ्या टोकाला. तिथे रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय'), त्यावर व्होल्युमिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर. पायला यूएसबीने डॅक (आकड्यांचा आवाज करणारी डबी), डॅकमधून आरसीए वायरने अॅम्प, आणि दोन लहान स्पीकर. टीव्हीचा आवाजही आरसीएनेच त्याच अॅम्पला दिलाय, कारण सौ.ना मालिका मोठ्या आवाजात लागतात.

दुखणी तीन. एक, विलंबित ख्याल लावला की तंबोऱ्याखाली आणखी एक तंबोरा वाजतो. गाणं थांबवलं तरी हा दुसरा थांबत नाही. दोन, मोबाईलवरच्या अॅपमध्ये यादी वरखाली सरकवली की स्पीकरमधून बारीक किर्र येते. तीन, वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर गेलं की अॅम्पचा डबाच गुरगुरतो. स्पीकर नव्हे, डबा.

एका ओळखीच्या शौकिनाने सांगितलं की राउटर आणि पायच्या मध्ये चाळीस हजारांचा खास नेटवर्क स्विच (लॅनच्या वायरी जोडायची पेटी) टाका आणि पायला लिनिअर सप्लाय, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाला शांत वीजपुरवठा, घ्या. पुण्याचा मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला गंडवतायत." खरं काय?

शून्यएक, १० मे, रात्री ११:१५

मुलाचं ऐका.

लॅनमधून येतो तो डेटा, आवाज नव्हे. पाकिटं क्रमांक लावून येतात, प्रत्येकाची बेरीज तपासली जाते, एखादं फाटकं निघालं तर पुन्हा मागवलं जातं. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट मागतं. २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं घेतलं तरी ९.२. तुमच्या लॅनला ही किरकोळ हमाली आहे. शिवाय पाय आधी साठा करून मग वाजवतो.

फुकटातला प्रयोग सांगतो. गाणं चालू असताना लॅनची पिन उपटा. साठा संपेपर्यंत काही सेकंद गाणं चालूच राहील. तेवढ्यात 'हूं' तशीच राहिली, तर चाळीस हजारांच्या स्विचने ती जाणार नाही.

कानसेन, १० मे, रात्री ११:४८

शून्यएक, तुमचं अर्धंच बरोबर आहे. डेटा बिघडत नाही, मान्य. पण केबल तांब्याची आहे ना? डेटाबरोबर त्या तांब्यावरून राउटरच्या अॅडाप्टरची घाणही चालत येते. ती गाण्यात मिसळत नाही, ती डॅकच्या जमिनीत, म्हणजे ग्राउंडच्या तारेत, मिसळते. मी स्वतः असाच एक महागडा स्विच घेतलाय आणि मला फरक ऐकू येतो.

(किंमत विचारू नका. बायको हा धागा वाचते.)

शून्यएक, १० मे, रात्री ११:५५

फरक ऐकू येतो की पावती आठवते? हलके घ्या.

सातपूरचा_वायरमन, ११ मे, सकाळी ७:१०

काका, भांडण या दोघांना करू द्या. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. तिथे एका यंत्राच्या मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमुळे सगळ्या सेन्सरच्या वायरी नाचायला लागतात, तेव्हा 'आवाज कुठून शिरतो' हे शोधणं माझं रोजचंच काम. तुमची तीन दुखणी म्हणजे तीन वेगळे रोग आहेत. एका गोळीत बरे होणार नाहीत.

पहिली गोष्ट. कुणीही अॅम्पच्या प्लगची अर्थची जाड पिन कापायला किंवा टेप लावून झाकायला सांगेल. हम, म्हणजे तुमची 'हूं', त्याने खरंच जातो, म्हणूनच तो सल्ला फिरतो. करू नका. आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली तर पूर्ण २३० व्होल्ट डब्यावर येतील आणि फ्यूज उडणार नाही. आवाज गेला आणि माणूसही गेला, असं व्हायला नको.

आता तपासणी. सगळं बंद करून आरसीए वायरी अॅम्पच्या मागून काढा. नुसता अॅम्प आणि स्पीकर चालू करा. शांत? मग अॅम्प निर्दोष. आता एकेक वायर परत लावत जा आणि प्रत्येक वेळी कान द्या. सगळं एकदम लावून मग शोधायला बसू नका, तसं कधीच सापडत नाही.

आवाजाचा जाड-बारीकपणाही लिहा. गोल, जाडसर हूं म्हणजे ५० हर्ट्झ, बहुतेक वेळा अर्थचा लूप. कडक, भुणभुण करणारी असेल तर १०० हर्ट्झ, म्हणजे कुठल्यातरी सप्लायचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा दमलेला कपॅसिटर. बारीक आणि कामाबरोबर बदलणारी किर्र म्हणजे डिजिटल पेटीचा करंट कमीजास्त होतोय तो.

आणि एक विचारायचं राहिलं. टीव्हीला सेट टॉप बॉक्स आहे का? त्याची केबल गच्चीवरून येते का?

पंचवटीची_शिष्या, ११ मे, सकाळी ९:३०

तांत्रिक काही कळत नाही, पण दुसऱ्या तंबोऱ्यावरून एक सांगते. ५० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ हार्मोनियमच्या पांढरी पाचचा खर्ज, आणि १०० हर्ट्झ त्याच्या वरच्या सप्तकातला. पण दोन्ही नेमके नाहीत, थोडे चढे. खालचा ४९ आणि वरचा ९८ ला असायला हवा. म्हणून पांढरी एकमध्ये गाणाऱ्याच्या मागे हा हम आला की तो चढा पंचम होऊन बसतो. तंबोऱ्याच्या पंचमाशी घासतो, डोकं दुखतं, आणि आपल्याला वाटतं गवयाचा तंबोरा उतरलाय. काळी एकचं गाणं असेल तर प्रकार आणखी वाईट. हम धड तीव्र मध्यम नाही आणि धड पंचम नाही.

आमच्या क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या अॅडाप्टरमुळे हेच होत होतं. बाई म्हणायच्या, "कोण गं ते भलताच सूर धरतंय?" गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकरांनी जिथे आश्रम थाटला त्या नाशिकच्या पंचवटीत असा सूर लागणं बरं नाही.

गंगापूररोडकर (धागाकर्ता), ११ मे, रात्री ९:२०

शिष्याताई, तुम्ही माझी झोप उडवलीत. आता मला हम दिसायलासुद्धा लागलाय!

वायरमनदादा, प्रयोग केला. नुसता अॅम्प: शांत. डॅकची वायर लावली: हूं अगदी थोडी, किर्र पूर्ण. टीव्हीची वायर लावली: हूंऽऽ, तीही निवड डॅकवर असताना! टीव्ही बंद होता, सेट टॉप बॉक्सही बंद. हे कसं शक्य आहे? हो, केबल गच्चीवरूनच येते, सगळ्या बिल्डिंगला एकच जाड वायर फिरवलीय.

शून्यएक, लॅन उपटली. हूं तशीच. पण किर्र निम्मी झाली. म्हणजे दोघंही निम्मे निम्मे बरोबर?

सातपूरचा_वायरमन, ११ मे, रात्री १०:०५

सापडला चोर. काका, आता सेट टॉप बॉक्सच्या मागची ती गोल वायर पिळून सोडवा. बाकी काही हलवू नका.

गंगापूररोडकर (धागाकर्ता), ११ मे, रात्री १०:१४

गेली!!! पूर्ण गेली. सौ. विचारतायत मालिका का गेली.

सातपूरचा_वायरमन, ११ मे, रात्री १०:४०

कारण ऐका. त्या गोल केबलला बाहेरून जाळीचं आवरण असतं. ती जाळी गच्चीवरच्या पेटीला, शेजाऱ्यांच्या बॉक्सला, कुठेतरी लोखंडी पाइपला, अशी दहा ठिकाणी टेकलेली असते. त्या सगळ्यांची 'जमीन' आणि तुमच्या हॉलच्या प्लगची जमीन यांत थोडा व्होल्टचा फरक असतोच. त्या फरकाला वाट हवी असते. बॉक्सवरून टीव्हीत, टीव्हीवरून आरसीएच्या बाहेरच्या वेटोळ्यात, तिथून अॅम्पमध्ये आणि अॅम्पच्या थ्री पिनमधून जमिनीत. ही वाट म्हणजे लूप. बटणाने बॉक्स बंद केला तरी जाळी जोडलेलीच राहते, म्हणून तुमचा हम थांबत नव्हता. आणि अॅम्पचा निवडीचा खटका फक्त आतली तार बदलतो. बाहेरचं वेटोळं सगळ्या इनपुटांचं एकच.

उपाय दोन. केबलमध्ये आयसोलेटर नावाची, जमिनीचा जोड तोडणारी बोटभर नळी बसते, ती लावा. किंवा, आणि हे मला जास्त पटतं, टीव्ही आणि अॅम्पमधली तांब्याची वायरच काढून टाका. तुमच्या डॅकला मागे चौकोनी भोक आहे का, ज्यातून लाल उजेड आत जातो? टीव्हीलाही तसंच असेल. दोघांमध्ये ऑप्टिकल केबल टाका. प्लॅस्टिकच्या दोरीतून उजेड जातो, करंट जात नाही. लूपच संपला.

कानसेन, ११ मे, रात्री ११:०२

+१. एकच टीप. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम', म्हणजे साधा, न गुंडाळलेला, करा. नाहीतर टीव्ही डॉल्बीची पाकिटं पाठवतो, साध्या डॅकला ती उलगडत नाहीत आणि एकतर शांतता मिळते नाहीतर खरखर. मग तुम्ही केबलला शिव्या द्याल.

शून्यएक, १२ मे, सकाळी ८:४०

किर्रबद्दल. लॅनच्या प्रत्येक सॉकेटमागे चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, १५०० व्होल्टच्या कसोटीला उतरणारे. त्यामुळे साध्या लॅन केबलने दोन पेट्यांची जमीन जोडली जात नाही. मग तुमची किर्र लॅन काढल्यावर कमी का झाली? एकच शंका येते. केबलची टोकं धातूची आहेत का प्लॅस्टिकची?

गंगापूररोडकर (धागाकर्ता), १२ मे, सकाळी १०:३०

धातूची, चकचकीत. दुकानदार म्हणाला, "काका, शिल्डवाली घ्या, आवाजाला चांगली."

शून्यएक, १२ मे, सकाळी १०:४४

हेच ते. शिल्डवाली केबल, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण असलेली, कारखान्यात, नीट अर्थ केलेल्या रॅकमध्ये उपयोगी. घरात ती राउटरचा डबा आणि पायचा डबा यांना तारेने बांधते. ट्रान्सफॉर्मरने तोडलेलं नातं शिल्ड परत जोडून देतं. शेवटचा एक मीटर साधा, प्लॅस्टिकच्या टोकांचा तुकडा वापरा. शंभर रुपयांत काम होईल.

कानसेन, तुम्हाला अर्ध्या मार्कांचं श्रेय देतो. घाण तांब्यावरूनच येत होती.

कानसेन, १२ मे, दुपारी १:२०

देताय तर पूर्ण द्या की. ट्रान्सफॉर्मरसुद्धा सगळं अडवत नाही. दोन वेटोळी इतकी जवळ असतात की उंच फ्रिक्वेन्सीचा आवाज त्यांच्यामधून उडी मारतो. म्हणूनच काही लोक मध्ये काचेची फायबर टाकतात, दोन बाजूंना दोन कन्व्हर्टर. मीही केलं होतं. मग कळलं की पायच्या बाजूच्या कन्व्हर्टरला जो अॅडाप्टर मिळाला होता तो राउटरच्या अॅडाप्टरपेक्षा घाण. दार बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखं झालं. आता वायफायवर चालवतो, तारच नाही. फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ वर कामाचे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगभरचे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले. त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात.

सिडको_सहावीस्कीम, १२ मे, दुपारी २:०५

मध्येच घुसतो. मला स्पीकरमधून डिर्-डिर्-डिर् येतं, मग मोबाईल वाजतो. भूत?

शून्यएक, १२ मे, दुपारी २:१०

जुन्या पद्धतीच्या २जी सिग्नलचं भूत. सेकंदाला २१७ वेळा ठोके देतं. मोबाईल अॅम्पवर ठेवू नका.

सातपूरचा_वायरमन, १२ मे, रात्री ९:३०

काका, पायला सप्लाय कुठला लावलाय? जुन्या मोबाईलचा चार्जर असेल तर बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. मोबाईलचा चार्जर बॅटरी भरायला बनवलेला असतो. बॅटरी मध्ये असल्याने त्याची लहर कुणाला जाणवत नाही. पायमध्ये बॅटरी नाही. यादी सरकवली की प्रोसेसर दचकून करंट खेचतो, व्होल्ट डुलतात आणि यूएसबीवर लटकलेला डॅकही त्याबरोबर डुलतो. डॅकला स्वतःची ५ व्होल्टची जागा असेल तर त्याला वेगळा सप्लाय द्या.

टू पिन चार्जरची आणखी एक खोड. फेजकडून बाहेरच्या बाजूला एक छोटा कपॅसिटर असतो, आवाज दाबायला मुद्दाम ठेवलेला. त्यातून किंचित करंट गळतो. लॅपटॉप चार्जिंगला असताना पत्र्यावर हात फिरवला की झिणझिण्या येतात ना, तोच. माणसाला धोका नाही, पण हा करंट जमिनीत जायची वाट शोधतो आणि तुमच्या सेटमध्ये ती वाट आरसीए वायरीतून जाते. म्हणून पाय, डॅक, अॅम्प तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. लोड फार नाही, चालतं. एक भिंतीच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला नको.

यूएसबी आयसोलेटर (पाय आणि डॅकमधला विजेचा जोड तोडणारी डबी) सध्या घेऊ नका. स्वस्तातले १२ मेगाबिटचे असतात, २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या पुढे दम टाकतात आणि काही डॅक त्यांच्यावर ओळखूच येत नाहीत. लॅपटॉपच्या वायरीवरच्या गोळ्यासारखे फेराइटचे क्लिप मात्र स्वस्त आहेत, यूएसबी केबलवर दोन लावून बघा. ते मेगाहर्ट्झमधली घाण अडवतात. ५० हर्ट्झच्या हमला हात लावत नाहीत, उगाच आशा नको.

देवळाली_कॅम्प, १३ मे, सकाळी ६:५०

माझ्याकडे मल्टिमीटर नाही, पण आजोबांचा ट्रान्झिस्टर आहे. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधली जागा लावायची आणि घरभर हिंडायचं. जिथे खर्रर्र वाढते तिथे चोर. मला तीन सापडले: एक एलईडी बल्ब, एक चार्जर, आणि हॉलच्या पंख्याचा जुना गोल रेग्युलेटर. रेग्युलेटर पूर्ण ५ वर ठेवला की खर्रर्र बंद, २ वर ठेवला की भयंकर.

सातपूरचा_वायरमन, १३ मे, सकाळी ७:१५

मस्त. हे मी कामावरही वापरणार. त्या जुन्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक असतो, तो प्रत्येक लहरीचा तुकडा कापतो, आणि कापताना ठिणगीसारखा आवाज वायरिंगमध्ये सोडतो. त्याऐवजी टकटक पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा. तो कापत नाही.

गंगापूररोडकर (धागाकर्ता), १६ मे, रात्री १०:३०

हिशेबनीस आहे म्हणून हिशेब देतो. ऑप्टिकल केबल, साधी लॅनची तार, पायचा योग्य सप्लाय, पंख्याचा रेग्युलेटर, फेराइट चार. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. हूं शून्य. किर्र रात्री अकराला स्पीकरला कान चिकटवला तरच.

पण दोन गोष्टी राहिल्या. इन्व्हर्टरची गुरगुर, आणि वायरमनदादांनी फोनवर विचारलं म्हणून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घेतलं. गीझर बंद असताना ३ व्होल्ट, चालू केल्यावर १४. त्याने फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून दाखवला, झकास पेटला. म्हणाला, "अर्थिंग एकदम ओके."

सातपूरचा_वायरमन, १६ मे, रात्री ११:००

बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं, हा आपल्याकडचा सगळ्यात जुना गैरसमज. १०० वॉटच्या बल्बचाच अडथळा सव्वापाचशे ओहम असतो. अर्थिंगचा ५० ओहम असला तरी बल्ब तसाच पेटलेला दिसेल. पण खरा फॉल्ट झाला तर ५० ओहममधून पाचएक अँपिअरच जातील आणि एमसीबी झोपून राहील. अर्थ टेस्टरने मोजायला सांगा. त्याची पद्धत आयएस ३०४३ मध्ये दिली आहे. आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा खटका) नसेल तर तो आधी, संगीत नंतर.

१४ व्होल्टचं म्हणाल तर न्यूट्रलचा कुठला तरी स्क्रू ढिला असावा. तो आधी आवळून घ्या, ढिला न्यूट्रल आग लावतो.

नाशकात अर्थिंगचं आणखी एक दुखणं आहे. खाली काळा पाषाण, वर हातभर माती. पावसाळ्यात अर्थिंगचा खड्डा ओला, अर्थिंग छान. मे महिन्यात खड्ड्यातला कोळसा-मीठ सगळं कोरडं ठणठणीत. सोसायटीच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कुणी ओतलं ते विचारा.

गंगापूररोडकर (धागाकर्ता), १७ मे, सकाळी ११:१०

विचारलं. वॉचमन म्हणाला, "कुठला खड्डा?" झाकणावर कुंडी ठेवलेली निघाली. दोन बादल्या ओतल्या, सेक्रेटरींच्या उपस्थितीत. न्यूट्रलचा स्क्रूही ढिला होता, मीटरजवळचा. आता गीझर चालू असताना ४ व्होल्ट. टेस्टरवाला शनिवारी येतोय.

शून्यएक, १७ मे, दुपारी १२:३०

गुरगुरीचं मी सांगतो. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. त्यात ५० हर्ट्झबरोबर १५०, २५०, ३५० असे विषम पटींचे सूर भरलेले असतात. अॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर त्यावर थरथरतो, पत्रा वाजतो. डब्याच्या आत फिल्टर टाकून उपयोग नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या, किंवा वीज गेली की गाणं बंद करून गच्चीत बसा.

कानसेन, १८ मे, रात्री १०:१५

काल संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो, माझा स्विच घेऊन. काकूंनी पडद्यामागे बसून वायर बदलायची, आम्ही ओळखायचं, असं ठरलं. दहा वेळा. काकांचे ५ बरोबर, माझे ४.

चहा आणि कोंडाजीचा चिवडा उत्तम होता.

शून्यएक, १८ मे, रात्री १०:२०

मी काहीच बोलत नाही.

कानसेन, १८ मे, रात्री १०:२२

स्विच विकणे आहे. संपर्क व्यक्तिगत निरोपावर. बायकोने पाहण्याआधी.

गंगापूररोडकर (धागाकर्ता), १९ मे, रात्री ९:०५

शेवटची शंका, मग त्रास देत नाही. ऑप्टिकल लावल्यापासून टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही. सौ.चं म्हणणं, "तुमचा तंबोरा सुधारला आणि माझी मालिका बिघडली." काही करता येईल?

सातपूरचा_वायरमन, १९ मे, रात्री ९:४०

बऱ्याच टीव्हींमध्ये ऑप्टिकलचा आवाज ठरावीकच निघतो. सेटिंगमध्ये बदलता येत असेल तर बघा. नाहीतर अॅम्पचा रिमोट काकूंच्या हातात द्या.

गंगापूररोडकर (धागाकर्ता), १९ मे, रात्री ९:४८

दिला. आता गाणं किती वाजता लावायचं ते त्या ठरवतात.